शुक्राचार्यांची दुर्बीण

माझा उजवा डोळा धुरकट आहे, हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो. डावा मात्र अजून लखलखीत आहे. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका गच्चीवर, सिमेंट भरलेल्या रंगाच्या डब्यात पेरूची एक बेचकी फांदी रोवलेली आहे. त्या बेचक्यात मान टेकून मी रोज पहाटे बसते. माझ्या एका बाजूला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या बाजूला कबुतरांची खुराडी. मी जहाजावरची दुर्बीण. समुद्रापासून इतक्या दूर, कबुतरांच्या शेजारी मी कशी येऊन बसले, तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका कारखान्यात झाला. पितळेच्या नळ्या, पोटात काचेचे तिरके ठोकळे, वरून काळं कातडं आणि गळ्यात अडकवायला जाड पट्टा. कारखाना सोडण्याआधी एका तपासनीस बाईंनी मला डोळ्यांना लावलं. समोरच्या टेकडीवर एक ठिपका होता. त्यांनी माझं चाक फिरवलं, ठिपका मोठा झाला आणि त्या म्हणाल्या, "चांगली आहे. दूरचं जवळ आणते." टेकडीवर शेळी होती की दगड होता, ते काही त्या बोलल्या नाहीत. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. माझं काम दूरचं जवळ आणायचं. ते काय आहे, हे सांगायची विद्या माझ्या पोटात नाही.

कारखान्यातून मी थेट नौदलाच्या एका लढाऊ जहाजावर गेले. तिथे मला एका तरुण सिग्नलमनच्या गळ्यात घालण्यात आलं. त्याचं नाव नागोजी. मराठी घरातला, पण घर बेंगळुरूत. त्याचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी कर्नाटकात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे नागोजीच्या मराठीत कन्नडचे खडे सहज मिसळलेले असत. जहाजावर तो दोन कामं करायचा. एक म्हणजे दोन हातांत दोन बावटे धरून लांबच्या जहाजाला अक्षरं दाखवायची. हात आडवे धरले की एक अक्षर, एक वर एक खाली धरला की दुसरं. दुसरं काम टेहळणीचं. समुद्र आणि आकाश यांच्यावर नजर ठेवायची.

टेहळणीवरच्या माणसाला तिथे एकच नियम शिकवतात. जे दिसेल ते आधी कळवायचं, ते काय आहे ते नंतर बघू. समुद्रावर हा नियम अगदी योग्य आहे, मित्रांनो. विचार करत बसलात तर तोवर शत्रू डोक्यावर येतो. संशय हीच तिथली शिस्त. नागोजी लाटेवर तरंगणाऱ्या ओंडक्याकडे संशयाने बघायचा, पाणपक्ष्यांकडे संशयाने बघायचा, ढगांच्या फटीकडेही. त्याच्याबरोबर मीही तशीच झाले.

मग एकाहत्तरचं युद्ध आलं. जहाज अरबी समुद्रात होतं. सूर्य नुकताच बुडाला होता, पश्चिमेला तांबूस पट्टा उरला होता, आणि त्या पट्ट्याच्या वर नागोजीला एक दिवा दिसला. पांढरा, प्रखर, एकटाच. त्याने मला डोळ्यांना लावलं. खाली इंजिन धडधडत होतं, जहाज डुलत होतं. माझ्या काचेत तो दिवा वेड्यासारखा नाचू लागला.

"डाव्या अंगाला दिवा," नागोजी ओरडला. "आपल्याकडेच येतोय."

जहाज वळलं. दिवा जागचा हलला नाही. जहाजाने वेग वाढवला. दिवा मागे पडला नाही. आपण जिकडे जाऊ तिकडून तो आपल्याला बरोबर धरून राहतोय, असं सगळ्यांना वाटलं. विमान नाही तर दुसरं काय असेल. तोफा वळल्या. त्यातल्या एका तोफेवर हणमंतराव होता, निपाणीकडचा, नागोजीचा जिवलग मित्र. पहिले गोळे अलीकडे पडले. पल्ला वाढवला, तरी अलीकडेच पडले. आणखी वाढवला. गोळे आपले समुद्रात पडत राहिले आणि दिवा तसाच तेवत राहिला.

तेवढ्यात जहाजाचा मार्ग आखणारे अधिकारी हातातला तक्ता घेऊन बाहेर आले. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं आणि कॅप्टनसाहेबांच्या कानाशी काहीतरी बोलले. तोफा थांबल्या. थोड्या वेळाने दिवा हळूहळू खाली गेला आणि पाण्याच्या रेषेपाशी दिसेनासा झाला.

तो शुक्र होता. तोफा डागून जहाजाने एका ग्रहाशी लढाई केली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत हणमंतरावने नागोजीला वाकून नमस्कार केला. "काय शुक्राचार्य, आज कुणाला पाडायचं?"

सगळी रांग हसली. नागोजी हसला नाही. त्याचं म्हणणं ठाम होतं. दिवा खाली गेला म्हणजे विमान पाण्यालगत उतरून पळालं. साहेबांनी चूक झाकायला शुक्राची गोष्ट रचली. हणमंतरावने आणखी दोनचार वेळा शुक्राचार्य म्हटलं, आणि एक दिवस नागोजीने त्याच्याशी बोलणंच टाकलं. मला तोंड असतं तरी मी काय सांगणार होते. माझ्या काचेत फक्त एक नाचणारा ठिपका आला होता.

पुढे जहाज मोडीत निघालं. माझा उजवा डोळा धुरकटला होता, म्हणून माझीही भंगारात रवानगी झाली. नागोजीने मला लिलावात विकत घेतलं आणि निवृत्त होऊन बसवनगुडीला आणलं. सुरुवातीची वर्षं माझी मोठी बडदास्त होती. कार्तिकात भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरली की गल्लीतली मुलं आमच्या गच्चीवर रांग लावायची. माझ्यातून जत्रेतले पाळणे, शेंगांचे ढीग, फुगेवाले बघायची. नागोजीराव एकेकाला उचलून धरायचे. मग मुलं मोठी झाली, त्यांच्या खिशात फोन आले. मी कपाटावर गेले. कपाटावर धूळ असते, मित्रांनो, आणि पावसाळ्यात दमट हवा. माझ्या उजव्या डोळ्यात बुरशीचं जाळं पसरलं. कित्येक वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर पुन्हा तोफांचे आवाज सुरू झाले. टीव्हीवर दिवसभर नकाशे, भोंगे, ड्रोन. शहरात भोंग्याची तालीमही झाली. त्या दिवशी नागोजीरावांनी स्टूल घेतलं, मला कपाटावरून उतरवलं आणि धोतराच्या सोग्याने पुसलं.

"मामा, तुम्ही स्टुलावर का चढलात?" त्यांची सून भाग्यलक्ष्मी म्हणाली. ती व्हाइटफील्डला ऑफिसात जाते, त्या वेळी खांद्याला पिशवी लावून दारात उभी होती.

"टेहळणी," नागोजीराव म्हणाले.

"टेहळणी कसली? पाण्याचा टँकर आला का तेवढं बघा."

पण ते पहाटे गच्चीवर गेलेच. आणि पहिल्याच पहाटे त्यांना पूर्वेला, दूर व्हाइटफील्डच्या दिशेला, एक दिवा दिसला. पांढरा, प्रखर, एकटाच. त्यांनी मला डोळ्यांना लावलं. त्यांचे म्हातारे हात जहाजाच्या डोलण्यासारखे हलत होते, आणि माझ्या काचेत पुन्हा तोच नाचणारा ठिपका आला.

त्या दिव्याच्या बरोबर खाली समोरच्या घराची गच्ची होती. गच्चीवर एक माणूस उभा होता.

त्याचं नाव शिवकुमार. प्रतापरावांच्या घरातली वरची खोली त्याने काही महिन्यांपूर्वी भाड्याने घेतली होती. निपाणीच्या बाजूचा, व्हाइटफील्डला दुपारपाळीची नोकरी. कंपनीची गाडी त्याला न्यायची आणि उशिरा आणून सोडायची. गल्लीत फारसं कुणाशी बोलणं नाही. गच्चीवर त्याने जाळीची खुराडी ठेवली होती, त्यांवर काळं कापड. त्या पहाटे त्याच्या एका हातात लाल उजेडाची बॅटरी होती आणि दुसऱ्या हातात बांबूला बांधलेलं काळं फडकं. उजाडू लागलं तसं तो ते फडकं हलवू लागला.

नागोजीराव पाण्याच्या टाकीमागे सरकले.

दुसऱ्या दिवशी त्यांची नात संयोगिता मागोमाग वर आली. शाळेला सुट्टी होती. "अज्जा, कुणाला लपून बघताय?"

"स्वल्प गप बस, संयू. तो अक्षरं दाखवतोय." त्यांचे ओठ हलत होते. "दोन्ही हात आडवे. आर. परत आर. आता यू."

"आर आर यू म्हणजे काय हो?"

"सांकेतिक आहे."

"पण त्याचा अर्थ काय?"

"अर्थ लागला असता तर सांकेतिक कशाला म्हटलं असतं," नागोजीराव म्हणाले.

संयोगिताने आकाशाकडे पाहिलं. "अज्जा, आणि तो दिवा शुक्र असेल. आमच्या टीचर म्हणाल्या होत्या, सध्या पहाटे..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. नागोजीरावांनी मला खाली घेतलं. त्यांचा चेहरा पाहून ती एक पाऊल मागे सरली. "या घरात ते नाव काढायचं नाही," ते म्हणाले. "खाली जा."

पाहा मित्रांनो, गंमत कशी होती. जो शब्द त्यांना वाचवू शकला असता, तोच त्यांना ऐकवत नव्हता.

एकदा मनात संशय शिरला की सगळं त्याच्याच बाजूने बोलू लागतं. दिवा रोज त्याच गच्चीवर येतो, म्हणजे त्या माणसाने बोलावलेला. दिवा दिसायला लागला की तो बॅटरी काढतो, दिवा फिका पडला की फडकं हलवतो, म्हणजे दोघांचं ठरलेलं. एक कबुतर आमच्या टाकीवर येऊन बसलं, तर त्याच्या पायात कडी, कडीवर आकडे. नागोजीरावांनी ते आकडे माझ्यातून वाचले आणि मान हलवली. हे सगळं मीच त्यांना दाखवलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. दिवा होता, बॅटरी होती, कडी होती.

संध्याकाळी ते प्रतापरावांच्या ओट्यावर जाऊन बसले. मी गळ्यातच होते. प्रतापराव त्या घराचे मालक. मनाने भले, पण भित्रे.

"नागोजीअण्णा, कबुतरं पाळतो म्हणाला हो तो. मी म्हटलं पाळ बा," प्रतापराव कॉफीचा लोटा फिरवत म्हणाले.

"कबुतरं पाळणारा लाल बॅटरी कशाला लावतो? बावटा कशाला हलवतो? त्याच्या डोक्यावर रोज दिवा येऊन थांबतो, तो तुम्ही पाहिलाय?"

प्रतापरावांनी लोटा खाली ठेवला. "तुम्ही नौदलातले. तुम्ही म्हणता म्हणजे असणारच."

जहाजावर असं नव्हतं, मित्रांनो. तिथे नागोजी ओरडला तरी मागे तक्ता घेऊन बघणारा एक माणूस होता. उशिरा का होईना, तो बाहेर आला. गल्लीत तसा कुणीच नव्हता. नागोजीरावांचा शब्द सरळ तोफेत गेला. रात्री जेवणं व्हायच्या आत तो गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनवर पोचला. दुसऱ्या दिवशी शिवकुमार दुधाच्या दुकानात गेला तर बोलणारी माणसं गप्प झाली. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने त्याला पाहून तोंड फिरवलं. कुणीतरी त्याच्या जिन्यावर शेण टाकलं.

भाग्यलक्ष्मीने रात्री नागोजीरावांच्या ताटात भाकरी वाढताना विचारलं, "मामा, तुम्ही त्याच्याशी एकदा तरी बोललात का?"

"शत्रूशी कुणी बोलतं का?"

"तो आधी ठरू दे की शत्रू."

नागोजीरावांनी भाकरी मोडली आणि आमटीत बुडवली.

प्रतापरावांनी शिवकुमारला सांगून टाकलं. रविवारी खोली सोडायची, खुराडी उचलायची. त्याआधी रविवारी पहाटे गल्लीतली दोघंतिघं गच्चीवर येऊन बघणार आणि काही वावगं दिसलं तर ठाण्यावर कळवणार. नागोजीराव ओळख पटवायला येणार होते. नागोजीराव म्हणजे मीही.

रविवारी पहाटे आम्ही तो जिना चढलो. पुढे प्रतापराव, मग गल्लीतले दोघं, मग मला गळ्यात घालून नागोजीराव. संयोगिता न विचारता मागून आली. गच्चीवर शिवकुमार खुराड्यापाशी उकिडवा बसला होता. त्याच्या बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधलेला मी अगदी जवळून पाहिला. त्याची पिशवी बांधून दाराशी ठेवलेली होती.

"लाल बत्ती कशाला?" नागोजीरावांनी विचारलं. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होते.

"पांढऱ्या उजेडाला बुजत्यात, काका. लाल लावली की गप बसत्यात. रोज पाय बघाय लागतात, पंख बघाय लागतात."

"आणि कडी?"

"हरवलं तर कुणाचं हाय ते कळाय नको? आमच्यात सगळ्यांची असती."

"आणि बावटा?"

"खाली उतराय लागली की वर हाकलायचं फडकं हाय ते. वरच राहावीत म्हणून. जेवढी जास्त वेळ उडतील तेवढी चांगली. पैजा लागत्यात बेंगळुरात." तो उठून उभा राहिला. "मी खोली सोडतो काका, पिशवी बांधलीय. पण ह्यांचं काय करू ते तुम्हीच सांगा. ही कबुतरं ह्याच गच्चीवर वाढल्यात. मी दुसऱ्या गल्लीत नेली, कोंडून ठेवली, तरी सोडल्यावर हितंच येणार. खुराडं न्हाई, मी न्हाई, आणि ती वर फिरतच राहणार अंधार पडेपर्यंत. मग घारी हाईत, विजेच्या तारा हाईत."

खुराड्यात घुमण्याचा आवाज येत होता. खरं म्हणजे त्या घडीला नागोजीरावांच्या मनात काहीतरी हललं होतं. कडी, बत्ती, फडकं, एकेक गाठ सुटत होती. पण एक गाठ तशीच होती. त्यांनी पूर्वेकडे बोट दाखवलं.

"आणि तो?"

दिवा तिथेच होता. पांढरा, प्रखर, एकटाच.

"ती?" शिवकुमारने वर पाहिलं. "ती चांदणी की. ती दिसली की उठायचं आणि ती फिकी पडाय लागली की कबुतरं सोडायची. आमच्या वडलांनी सांगितलेलं हाय. घड्याळ कशाला लागतं?"

म्हणजे दिव्याचं आणि त्या माणसाचं नातं होतं, मित्रांनो. नागोजीरावांनी ते बरोबर हेरलं होतं. फक्त ते नातं काय आहे, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

नागोजीरावांनी मला डोळ्यांना लावलं. हात हलत होते, ठिपका नाचत होता. "चांदणी अशी हलते का कधी?" ते पुटपुटले.

"काका, हातात धरून नका बघू." शिवकुमार पुढे झाला. पैजेच्या दिवशी उंच गेलेलं कबुतर तासन्‌तास नजरेत धरून ठेवावं लागतं. त्यासाठी त्याने पेरूची बेचकी फांदी डब्यात रोवून ठेवली होती. आपली स्वस्तातली दुर्बीण तो तिच्यातच टेकवायचा. त्याने एक स्टूल ओढलं. "हितं बसा. बेचक्यात टेकवा. श्वास सोडा आणि थांबा जरा."

मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्थिर झाले. खाली इंजिन नव्हतं, समुद्र नव्हता, थरथरणारे हात नव्हते. नागोजीरावांनी धुरकट उजव्या बाजूचा डोळा मिटला आणि डाव्या काचेतून पाहू लागले. आधी काही कळेना. ठिपका स्थिर झाला खरा, पण त्याची चकाकीच इतकी की त्याला आकार नव्हता. प्रतापराव घड्याळ बघू लागले. गल्लीतले दोघं आपसांत कुजबुजले. मग हळूहळू पूर्वेकडचं आकाश उजळू लागलं, आणि जसजसं उजळलं तसतशी त्या दिव्याची चकाकी ओसरली. अंधारात जे लपलं होतं ते उजेडात दिसायला लागलं.

माझ्या काचेत एक कोर होती. कापलेल्या नखाएवढी, पांढरी, खालच्या बाजूला पोट असलेली कोर. अगदी चंद्राच्या कोरीसारखी, पण चिमुकली. नागोजीरावांचा डोळा माझ्या काचेला इतका जवळ आला की त्यांच्या पापणीचे केस मला लागले. विमानाला कोर नसते, मित्रांनो. ड्रोनलाही नसते.

मला वाटलं ते आता म्हणतील की डोळ्याला भास झाला. तेवढ्यात त्यांचा गरम श्वास माझ्या काचेवर येऊन ती धूसर झाली, आणि त्यांनी ती पुसली नाही.

"काय हो अण्णा?" प्रतापरावांनी विचारलं. "ठाण्यावर फोन करू का?"

"शुक्र आहे," नागोजीराव म्हणाले.

संयोगिताने आजोबांकडे पाहिलं. ते नाव त्यांनी स्वतःच काढलं होतं.

"शुक्र आहे, प्रतापराव. तेव्हाही तोच होता." आणि मग ते शिवकुमारकडे वळले. "तक्रार माझी होती. तू कुठे जायचं नाहीस. पिशवी सोड."

"सरी, ठीक आहे, पण अण्णा," प्रतापराव चाचरले, "मी सगळ्यांना सांगून बसलोय."

"मी सांगतो."

"सगळ्यांना?"

"ज्यांना ज्यांना माझ्यामुळे कळलं, त्यांना."

ते स्टुलावरून उठले आणि शिवकुमारला म्हणाले, "ती फिकी पडली बघ. सोड की तुझी पाखरं."

शिवकुमारने जाळी उघडली. कबुतरं फडफडत वर गेली, घरावर एक गिरकी मारली आणि उजेडात वर वर चढत गेली. संयोगिताने काळं फडकं हातात घेतलं आणि शिवकुमारला विचारलं, "अण्णा, मी आर दाखवू का?" आजोबांकडे बघून ती हसली. नागोजीराव हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

त्या दिवशी ते गल्लीतल्या प्रत्येक घरी गेले. दुधाच्या दुकानात गेले, रिक्षावाल्याकडे गेले. काहींनी ऐकलं. काहींनी "बरं बरं" म्हटलं आणि दार लावलं. एकजण म्हणाला, "अण्णा, आज शुक्र असेल, पण काल काय होतं ते कुणी पाहिलंय?" संशय असा एका दिवसात जात नाही, मित्रांनो. तो पसरायला एक संध्याकाळ पुरली होती आणि निघायला महिने लागले. अजूनही कुणीकुणी शिवकुमारच्या जिन्याखालून जाताना वर बघतं. नागोजीरावांना ते दिसतं. तशा वेळी ते मुद्दाम खालून हाक मारतात, "शिवकुमार, कॉफीला ये रे," आणि ती हाक सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतकी मोठी असते.

त्या रविवारी दुपारी त्यांनी आणखी एक काम केलं. भाग्यलक्ष्मीला हणमंतरावांचा नंबर शोधायला लावला. शिवकुमारच्या वडिलांच्या ओळखीतून तो निपाणीत सापडला. फोन लागला. पलीकडून एक म्हातारा आवाज आला, "कोण बोलतंय?"

गळ्यातल्या माझ्या पट्ट्याशी त्यांची बोटं चाळा करत होती.

"अहो कोण? बोला की."

"शुक्राचार्य बोलतोय," ते म्हणाले.

पलीकडून हसू आलं. ते इतकं लांबलं की शेवटी ते हसू आहे की आणखी काही, हे भाग्यलक्ष्मीलाही कळेना. ती पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

आता मी शिवकुमारच्या गच्चीवरच असते. नागोजीराव पहाटे जिना चढून येतात, स्टुलावर बसतात आणि उंच गेलेलं कबुतर नजरेतून सुटू नये म्हणून मला बेचक्यात टेकवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली मुलं पुन्हा रांग लावू लागली आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी दुर्बीण असेल तर तिची काळजी घ्या. तिला दमट कपाटावर टाकू नका, काच बोटांनी पुसू नका, मऊ कोरडं कापड वापरा. आणि तिच्यातून बघताना कोपर कशावर तरी टेकवा, थोडं थांबा, उजाडू द्या. मोठं दिसलं म्हणजे ओळख पटली असं नसतं. ओळखायला जवळ जाऊन विचारावं लागतं, आणि ते काम माझ्याकडून होणारं नाही. ते तुमचं आहे.

आज संध्याकाळी सगळी कबुतरं परतली, एक राहिलं. शिवकुमार काळजीने वर बघत होता. नागोजीरावांनी मला टेकवलं, श्वास सोडला, आणि पश्चिमेच्या तांबूस पट्ट्यावर एक काळा ठिपका आला. तो हळूहळू मोठा होत होता.

"काय आहे अज्जा?" संयोगिताने विचारलं.

"थांब," नागोजीराव म्हणाले. "जवळ येऊ दे."